पर्यावरण सल्ला व्यवसाय

कारखाना, खाण, धरण, रस्ता, वसाहत इ. प्रकल्पांचा हवा, पाणी, जमीन, जीवसृष्टी व मानवी वस्ती यांवर होणारा परिणाम तपासून त्याविषयी मोबदला घेऊन तांत्रिक व कायदेविषयक सल्ला देणे, यास पर्यावरण सल्ला व्यवसाय म्हणतात. सांडपाणी व धूर यांच्या नमुन्यांचे पृथक्करण, शुद्धीकरण यंत्रणेचा आराखडा, शासकीय संमतिपत्रासाठी लागणारी कागदपत्रे, प्रकल्पाच्या परिणामांचे मूल्यमापन आणि मंजुरीनंतरची नियतकालिक तपासणी ही या व्यवसायातील प्रमुख कामे होत. रसायनशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी, भूविज्ञान, वनस्पतिविज्ञान व कायदा या शाखांचे ज्ञान त्यात एकत्र येते.

महाराष्ट्रात या व्यवसायात एकाच कुटुंबाच्या मालकीच्या लहान संस्थांना महत्त्वाचे स्थान आहे. व्यापार वा कारखानदारी यांहून हा कौटुंबिक धंदा दोन बाबतींत वेगळा आहे. त्याची मागणी बाजाराने नव्हे, तर कायद्याने निर्माण केली. आणि त्याचे खरे भांडवल यंत्रसामग्री नसून अहवालावरील सहीची विश्वासार्हता हे आहे. मात्र ज्याची तपासणी करावयाची त्याच्याकडूनच सल्लागारास मोबदला मिळतो. या विसंगतीचे निराकरण करण्याच्या प्रयत्नांतून व्यवसायाच्या इतिहासाला वळणे मिळाली. प्रस्तुत नोंदीत हा इतिहास मुख्यत्वे महाराष्ट्रातील कौटुंबिक संस्थांच्या अंगाने आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या उदाहरणाने दिला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतात पाणीपुरवठा व मलनिःसारण ही कामे ब्रिटिश काळापासून सरकारी व नगरपालिकांच्या अभियंत्यांकडे होती; त्यामुळे आरोग्य अभियांत्रिकीचा अनुभव दीर्घकाळ शासकीय सेवेतच साठत गेला. स्वातंत्र्योत्तर काळात १९५८ साली नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली व १९७४ मध्ये तिचे नामांतर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) असे झाले. सांडपाण्याच्या शास्त्रशुद्ध परीक्षणाची परंपरा महाराष्ट्रात रुजविण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

खाजगी सल्लागाराला वाव मिळाला तो प्रदूषणविषयक कायद्यांमुळे. महाराष्ट्र शासनाने जलप्रदूषण प्रतिबंधाचा अधिनियम १९६९ सालीच संमत केला व त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. याच सुमारास अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरणविषयक कायदा अंमलात आला (१९७०). मोठ्या संघीय प्रकल्पांपूर्वी परिणामांचे लेखी निवेदन देणे त्यामुळे बंधनकारक झाले आणि अशी निवेदने तयार करून देणाऱ्यांचा एक नवा व्यावसायिक वर्ग तेथे उदयास आला. स्टॉकहोम येथील मानवी पर्यावरणविषयक परिषदेनंतर (१९७२) भारतात जलप्रदूषण (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम (१९७४), वायुप्रदूषण अधिनियम (१९८१) आणि भोपाळ दुर्घटनेनंतर (डिसेंबर १९८४) पर्यावरण संरक्षण अधिनियम (१९८६) हे केंद्रीय कायदे झाले. महाराष्ट्राने १९७४ चा केंद्रीय कायदा १९८१ पासून स्वीकारला.

या कायद्यांनी कारखान्यास दोन टप्प्यांवर मंडळाची संमती घेणे भाग पाडले : एक उभारणीपूर्वी व दुसरी उत्पादन सुरू करण्यापूर्वी. अर्जासोबत पाण्याच्या वापराचा ताळेबंद, सांडपाण्याचे प्रमाण, शुद्धीकरणाची पद्धत, धुराड्याची उंची इ. तपशील द्यावा लागे. लहान कारखानदाराकडे हे ज्ञान नसे व त्यासाठी स्वतंत्र अभियंता नेमणे त्याला परवडत नसे. ही उणीव भरून काढणारा मध्यस्थ तज्ञ म्हणजेच पर्यावरण सल्लागार होय.

यानंतर कामाची व्याप्ती टप्प्याटप्प्याने वाढली. मंडळाची संमती ज्यांना लागते अशा उद्योगांनी दरवर्षी पर्यावरणविषयक लेखापरीक्षण अहवाल सादर करावा, असा नियम १९९२ मध्ये झाला. पुढील वर्षी त्यास ‘पर्यावरण निवेदन’ असे स्वरूप देण्यात आले. केंद्र शासनाच्या २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने सु. तीस प्रकारच्या प्रकल्पांना परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे केले. १९९७ मध्ये तीत जनसुनावणीची तरतूद झाली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने प्रकल्पांचे ‘अ’ व ‘ब’ असे वर्ग पाडले आणि ‘ब’ वर्गाच्या मंजुरीचे अधिकार राज्यस्तरीय प्राधिकरणांकडे सोपविले. पूर्वी दिल्लीपर्यंत जाणारी अनेक कामे त्यामुळे राज्यातच होऊ लागली आणि मध्यम आकाराच्या सल्लागार संस्थांना नवे क्षेत्र मिळाले.

कौटुंबिक संस्थेची घडण : अशी संस्था बहुधा एका व्यक्तीच्या नोकरीतील अनुभवातून सुरू होते. शासकीय मंडळ, कारखान्याची प्रयोगशाळा, अभियांत्रिकी महाविद्यालय वा पाणीपुरवठा खाते यांत काही वर्षे काम केलेला रसायनज्ञ किंवा अभियंता नोकरी सोडून वा निवृत्तीनंतर संमतिपत्रांची कामे स्वीकारू लागतो. आरंभी भांडवल अल्प लागते. राहत्या घरातील एक खोली, टंकलेखनयंत्र किंवा संगणक आणि कायद्याची पुस्तके एवढ्यावर कार्यालय उभे राहते. कामाची विभागणी घरातच होते. एकाने कारखान्यांना भेटी द्याव्यात व शासकीय कार्यालयांशी संपर्क ठेवावा, दुसऱ्याने अहवाल व हिशेब पाहावेत, असा क्रम रूढ होतो. विज्ञान शाखेच्या पदवीधर गृहिणीकडे प्रयोगशाळेची जबाबदारी असणे हेही या व्यवसायात आढळते.

प्रयोगशाळेची उभारणी हा संस्थेच्या वाढीतील पहिला निर्णायक टप्पा होय. सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषणाचे मुख्य मोजमाप म्हणजे जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी. भारतीय मानकानुसार ही चाचणी नमुना २७° से. तापमानास तीन दिवस ठेवून करतात. नमुना बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, साधारणतः चोवीस तासांच्या आत चाचणीस घ्यावा लागतो. अन्यथा सूक्ष्मजंतूंची क्रिया चालू राहून आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. म्हणून औद्योगिक केंद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यात जवळची प्रयोगशाळा ही केवळ सोय नसून अचूकतेची अट ठरते. उबवणयंत्र, रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजण्याची उपकरणे, हवेतील धूलिकण गोळा करणारा संग्राहक आणि धुराड्यातील वायू तपासण्याचा संच यांसाठी भांडवल लागते. ते सामान्यतः बँकेचे कर्ज व कुटुंबाची बचत यांतून उभे राहते. प्रयोगशाळेच्या अहवालास कायद्यात मान्यता मिळण्यासाठी पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या कलम १२ खाली तिला मान्यता घ्यावी लागते व कलम १३ खाली विश्लेषकाची नेमणूक व्हावी लागते. या टप्प्यावर घरगुती काटकसरीने चालणाऱ्या संस्थेस नोंदवह्या, उपकरणांचे अंशशोधन व प्रशिक्षित कर्मचारी यांची शिस्त पाळावी लागते.

दुसरा टप्पा परिणामांच्या मूल्यमापनाचा. प्रकल्पस्थळाभोवती साधारणतः १० किमी. त्रिज्येच्या परिसरात पावसाळा वगळून एका ऋतूत सु. तीन महिने हवा, पाणी, माती, आवाज, वनस्पती, प्राणी व लोकजीवन यांची मूळ स्थिती नोंदवावी लागते. त्यावरून प्रकल्पामुळे होणारा बदल अनुमानाने सांगणे व त्यावर उपाय सुचविणे हा अहवालाचा गाभा होय. तिसरा टप्पा शुद्धीकरण यंत्रणांचे आराखडे करून देण्याचा व त्या चालविण्याचे कंत्राट घेण्याचा. यात उत्पन्न अधिक असले, तरी जो यंत्रणा उभारतो त्यानेच तिच्या कार्यक्षमतेचा दाखला देणे कितपत योग्य, असा प्रश्न निर्माण होतो.

कायदेशीर रूपही वाढीबरोबर बदलत जाते. एकल मालकीपासून १९३२ च्या अधिनियमाखालील भागीदारी, पुढे खाजगी मर्यादित कंपनी किंवा २००८ च्या अधिनियमानुसार मर्यादित दायित्व भागीदारी असा हा प्रवास असतो. दुसऱ्या पिढीने पर्यावरण अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असल्यास व्यवसायाचे क्षेत्र विस्तारते. तथापि संस्थापकाची ओळख व अनुभव यांवर उभ्या असलेल्या संस्थेचे उत्तराधिकारात रूपांतर करणे अवघड असते. कारण ग्राहकाचा विश्वास व्यक्तीवर असतो, संस्थेवर नसतो.

थरमॅक्सचे उदाहरण : पर्यावरणाशी संबंधित कौटुंबिक व्यवसायाच्या वाढीचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पुण्याची थरमॅक्स कंपनी. ती केवळ सल्लागार संस्था नसून बाष्पित्रे, जलशुद्धीकरण व वायुप्रदूषण नियंत्रण यांची साधने बनविणारी अभियांत्रिकी कंपनी आहे. परंतु कुटुंब, उत्तराधिकार आणि व्यावसायिक व्यवस्थापन यांचे परस्परसंबंध तिच्या इतिहासात स्पष्ट दिसतात. ए. एस. भथेना यांनी रुग्णालयीन उपकरणांच्या व्यवसायानंतर १९६६ मध्ये बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीच्या सहकार्याने लहान बाष्पित्रांचे उत्पादन सुरू केले. त्यांचे जामात रोहिंटन आगा यांच्या नेतृत्वाखाली कंपनीचा विस्तार झाला व १९८० मध्ये तिने थरमॅक्स हे नाव धारण केले. १९९५ मध्ये तिचे भाग जनतेस विक्रीस खुले झाले.

रोहिंटन आगा यांचे १९९६ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी व संस्थापकांच्या कन्या अनू आगा यांच्याकडे अध्यक्षपद आले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षण घेतलेल्या अनू आगा त्यापूर्वी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या. शतकाच्या अखेरीस कंपनीची स्थिती खालावली व भागांची किंमत मोठ्या प्रमाणात घसरली. तेव्हा बाहेरील सल्लागारांची मदत घेऊन संचालक मंडळाची पुनर्रचना करण्यात आली. कुटुंबातील व्यक्ती दैनंदिन कार्यकारी पदांवरून दूर झाल्या आणि कारभार व्यावसायिक व्यवस्थापकांकडे सोपविण्यात आला. २००४ मध्ये अध्यक्षपद अनू आगा यांच्या कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे गेले. मालकी कुटुंबाकडे व व्यवस्थापन तज्ञांकडे ही विभागणी केल्यानंतर कंपनी सावरली. लहान सल्लागार संस्थांपुढेही अल्प प्रमाणात हाच प्रश्न असतो. कुटुंबाबाहेरील तज्ञास निर्णयाचा अधिकार दिल्याखेरीज संस्था एका पिढीपलीकडे क्वचितच टिकते.

धाराशिव जिल्हा : या व्यवसायाची गरज व त्याच्या मर्यादा या दोन्ही धाराशिव जिल्ह्यात विशेष जाणवतात. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून तो उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई. १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला व २०२३ मध्ये जिल्ह्यास धाराशिव हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी हे त्याचे आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ होती. बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या या प्रदेशातून मांजरा, तेरणा, सीना व बोरी या नद्या वाहतात. पाऊस अनिश्चित असल्याने १९७२, २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांची तीव्र झळ जिल्ह्यास पोहोचली.

जिल्ह्याचा भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात भूजल सर्वत्र सारखे नसून अपक्षयित थर, भेगा व सांधे यांतच साठते व वाहते. म्हणून एका विहिरीस पाणी लागते, तर शंभर पावलांवरील दुसरी कोरडी जाते. प्रदूषणाच्या बाबतीतही हेच घडते : खड्ड्यात साठविलेले सांडपाणी एखाद्या भेगेतून दूरच्या विहिरीत उतरते आणि जवळची विहीर निर्दोष राहते. सल्लागाराने नमुना कोणत्या विहिरीतून घेतला, यावर अहवालाचा निष्कर्ष अवलंबून असतो. नकाशा पाहून ठरविलेली ठिकाणे आणि गावकऱ्यांना विचारून ठरविलेली ठिकाणे यांत म्हणूनच मोठा फरक पडतो. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने १९७० नंतर जमविलेली विहिरींची माहिती या कामी मोलाची ठरते.

जिल्ह्यातील मोठे उद्योग मुख्यत्वे उसावर आधारित आहेत. ढोकी येथील तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा मराठवाड्यातील जुन्या कारखान्यांपैकी असून, नळदुर्ग येथे तुळजाभवानी सहकारी साखर कारखाना आहे. १९९८ मध्ये साखर उद्योगावरील परवानापद्धती रद्द झाल्यावर खाजगी क्षेत्रात कारखाने निघाले. कळंब तालुक्यातील रांजणीचा नॅचरल शुगर हा त्यांपैकी एक. साखर व मद्यार्कनिर्मिती या दोन्ही उद्योगांची गणना केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषणकारी सतरा उद्योगांत केली आहे.

उसात सु. ७० टक्के पाणी असल्याने साखर कारखान्याने नीट नियोजन केल्यास बाहेरील पाण्याची गरज बरीच कमी करता येते. मळीपासून मद्यार्क करणाऱ्या आसवनीचा प्रश्न अधिक बिकट आहे. एक लिटर मद्यार्कामागे सु. ८ ते १५ लिटर ‘स्पेंटवॉश’ नावाचे गडद तपकिरी, आम्लधर्मी सांडपाणी निर्माण होते. त्याची जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरमागे ४०,००० मिग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक असते. घरगुती मैलापाण्यात ती साधारणतः २०० ते ३०० मिग्रॅ. असते, तर नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी ३० मिग्रॅ. ही मर्यादा ठरविलेली आहे. यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. उन्हाळ्यात ओढे कोरडे असताना असे पाणी त्यांत सोडल्यास ते पातळ होत नाही. ते मुरून विहिरींत उतरते व विहिरीचे पाणी तांबूस होऊन निकामी ठरते. ज्या गावाला तीच विहीर पिण्यासाठी असते, त्याला टँकरची वाट पाहावी लागते.

या सांडपाण्यापासून प्रथम जैववायू मिळविणे, उरलेले पाणी बाष्पीभवनाने घट्ट करून ते कारखान्यातील गाळाबरोबर कुजवून खत करणे किंवा खास बाष्पित्रात जाळणे आणि आवाराबाहेर एक थेंबही न सोडणे, अशी पद्धत आता बंधनकारक आहे. या तंत्रज्ञानाच्या विकासात प्रमोद चौधरी यांनी १९८० नंतरच्या दशकात पुणे येथे सुरू केलेल्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीचा उल्लेख करावा लागेल. यंत्रणा मोठ्या कंपन्या पुरवीत असल्या, तरी ती प्रत्यक्षात रोज चालते की नाही, साठवण टाकीचे अस्तर फुटले आहे की काय, पावसाळ्यात खताच्या अंगणातील पाणी कोठे जाते, या बाबी वारंवार पाहण्याचे काम जवळच्या लहान सल्लागाराकडेच येते.

२००६ च्या अधिसूचनेनुसार दररोज ५,००० टन वा त्याहून अधिक ऊसगाळप करणाऱ्या कारखान्यास पूर्वमंजुरी लागते. त्यामुळे विस्ताराची क्षमता किती ठरवावी, हाही सल्ल्याचा विषय झाला. २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रण कार्यक्रमास चालना देण्यासाठी पूर्वीची मंजुरी असलेल्या काही साखर कारखान्यांच्या व आसवन्यांच्या विस्तारास ‘ब-२’ वर्गात घालण्यात आले. या वर्गास सविस्तर मूल्यमापन अहवाल व जनसुनावणी लागत नाही. परिणामी अशा प्रकल्पांत सल्लागाराचे काम घटले आणि गावकऱ्यांची आपले म्हणणे मांडण्याची संधीही गेली. पवनचक्क्या व सौर प्रकल्प २००६ च्या अधिसूचनेच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून जिल्ह्यातील माळरानांवर अशा प्रकल्पांचा काय परिणाम होतो, याची पद्धतशीर तपासणी कायद्याने बंधनकारक नाही. याउलट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निर्णयानंतर दगड, मुरूम व वाळू यांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक झाली आणि ग्रामीण भागातील लहान सल्लागारांना खाणपट्ट्यांचे मोठे काम मिळाले.

जनसुनावणी व भाषा : जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी लागते. तीस दिवस आधी वृत्तपत्रांतून सूचना प्रसिद्ध होते. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो आणि कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. मूळ अहवाल इंग्रजीत, बहुधा काही शे पानांचा असतो. गावाच्या हाती येतो तो त्याचा मराठी सारांश. हा सारांश सल्लागारच तयार करतो. त्यात इंग्रजी संज्ञांचे शब्दशः भाषांतर केले, तर वाचणाऱ्यास काहीच कळत नाही. आणि सांडपाणी, राख, विहीर, वास, ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर यांविषयी सरळ लिहिले, तर प्रश्न नेमके विचारले जातात. प्रदेशाची भाषा, हंगाम व शेतीचे व्यवहार जाणणाऱ्या स्थानिक कौटुंबिक संस्थेचे मोठ्या शहरी संस्थेपेक्षा जे श्रेष्ठत्व असू शकते, ते येथे दिसते. परंतु त्याच जिल्ह्यात राहावयाचे, कारखान्याच्या चालकांशी सोयरिकी व ओळखी ठेवावयाच्या आणि त्यांच्याच विरुद्ध जाणारा आकडा लिहावयाचा, ही अडचणही स्थानिक संस्थेलाच अधिक भासते.

विश्वासार्हतेचा प्रश्न : मूल्यमापनाचा अहवाल प्रकल्पचालकाच्या खर्चाने तयार होतो आणि मंजुरी न मिळाल्यास पुढील काम मिळण्याची शक्यता उरत नाही. त्यामुळे अहवालात प्रतिकूल बाबी सौम्य करण्याचा मोह राहतो. एका प्रकल्पाचा मजकूर दुसऱ्याच्या अहवालात जसाच्या तसा उतरविण्याचे प्रकार देशात उघडकीस आले. २००० नंतरच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातील मजकूर आढळला. हा अहवाल कौटुंबिक संस्थेने नव्हे, तर एका बड्या बहुराष्ट्रीय सल्लागार संस्थेने तयार केला होता. दोषाचे मूळ संस्थेच्या आकारात नसून मोबदल्याच्या व्यवस्थेत आहे, हे त्यावरून दिसून येते.

या संदर्भात गुजरातमधील प्रयोग उद्बोधक आहे. तेथे १९९६ पासून त्रयस्थ लेखापरीक्षकांकडून कारखान्यांची वार्षिक तपासणी करण्याची योजना होती. परंतु लेखापरीक्षकाची निवड व मोबदला कारखानदाराकडेच होता. २००९ ते २०११ या काळात एस्तेर द्यूफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्य मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत परिसरातील कारखान्यांत वेगळी पद्धत अवलंबून पाहिली. काही कारखान्यांना लेखापरीक्षक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नेमून दिला, त्याचा मोबदला सामायिक निधीतून ठराविक दराने दिला आणि त्याच्या नोंदींची काही ठिकाणी फेरतपासणी केली. अशा ठिकाणी खोट्या नोंदींचे प्रमाण फार कमी झाले, एवढेच नव्हे, तर कारखान्यांनी प्रत्यक्ष प्रदूषणही घटविले. तपासणारी माणसे त्याच व्यवसायातील होती. बदलली ती फक्त त्यांना पैसे देणारी व्यवस्था.

भारत सरकारने प्रथम तज्ञतेच्या बाजूने सुधारणा केली. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या शिक्षण व प्रशिक्षण विषयक मंडळाने सल्लागारांना मान्यता देण्याची योजना आखली. डिसेंबर २००९ मध्ये मंत्रालयाने ती सक्तीची करण्याचे ठरविले व २०१६ मध्ये तिला अधिसूचनेचा आधार मिळाला. या योजनेनुसार संस्थेकडे मूल्यमापनाचा समन्वयक आणि वायुप्रदूषण, जलप्रदूषण, भूजल, परिस्थितिविज्ञान, समाजजीवन, आवाज, भूमिउपयोग, जोखीम इ. बारा विषयांचे मान्यताप्राप्त तज्ञ असावे लागतात. कौटुंबिक संस्थांच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे वळण म्हणावे लागेल. पतिपत्नी व मुले मिळून बारा विषय सांभाळणे शक्य नव्हते. काही संस्थांनी बाहेरील तज्ञ नेमून आकार वाढविला, काही मोठ्या शहरांतील मान्यताप्राप्त संस्थांच्या सहयोगी बनल्या, तर काहींनी मूल्यमापनाचे काम सोडून संमतिपत्रे, वार्षिक निवेदने व नमुना तपासणी यांपुरते क्षेत्र मर्यादित ठेवले. धाराशिवपासून सोलापूर सु. ६५ किमी. व पुणे सु. २५० किमी. अंतरावर आहे, बारा विषयांचे तज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी राहणे कठीण असल्याने मोठे अहवाल बाहेरील शहरांत तयार होण्याकडे कल राहिला.

स्वतंत्रतेच्या बाजूने सुधारणा सावकाश झाली. सर्वोच्च न्यायालयाने लाफार्ज प्रकरणात (२०११) प्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र नियामकाची आवश्यकता प्रतिपादिली. २०१० च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुणे येथे आल्यावर सदोष अहवालांना आव्हान देणे महाराष्ट्रातील नागरिकांना सुलभ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरण लेखापरीक्षण नियम प्रसिद्ध केले. त्यांत प्रमाणित व नोंदणीकृत खाजगी लेखापरीक्षकांची तरतूद असून, कारखानदाराने लेखापरीक्षक निवडण्याऐवजी तो यदृच्छेने नेमून देण्याचे तत्त्व स्वीकारलेले आहे. गुजरातच्या प्रयोगातून जे सिद्ध झाले होते, त्याचाच हा देशव्यापी पातळीवरील स्वीकार होय.

मूल्यमापन : सु. पाच दशकांत पर्यावरण सल्ला हा अर्ज भरून देण्याच्या कामापासून स्वतंत्र तांत्रिक व्यवसायापर्यंत पोहोचला. त्याच्या वाढीत कौटुंबिक संस्थांनी अल्प भांडवलावर प्रयोगशाळा उभारल्या, ग्रामीण भागातील कारखान्यांपर्यंत नियमांची माहिती नेली आणि स्थानिक तरुणांना प्रशिक्षण दिले. मालकी व व्यवस्थापन यांची सरमिसळ, तज्ञांचा अभाव आणि ग्राहकावरील आर्थिक अवलंबन या त्यांच्या उणिवा होत. पहिल्या दोहोंवर कुटुंबाबाहेरील तज्ञांना स्थान देऊन मात करता येते, हे मोठ्या संस्थांच्या अनुभवावरून दिसते. तिसरीवर मात्र मोबदल्याची व्यवस्था बदलल्याविना उपाय नाही. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात, जेथे एका विहिरीच्या नासण्याने संपूर्ण गावाचे पाणी तुटते, तेथे सल्लागाराने लिहिलेला आकडा हा केवळ कागदोपत्री पूर्ततेचा भाग राहत नाही. तो खरा असण्यावर कुटुंबाचे व्यावसायिक नाव जसे अवलंबून असते, तसेच त्या गावाचे पिण्याचे पाणीही.